रेघ बाहेर गेली

मराठी माणूस अर्ज लिहायला बसला की आधी कागद मांडतो. वर मधोमध श्री, उजवीकडे तारीख, डावीकडे ‘प्रति’, त्याखाली ‘मा.’ लावून साहेबांचा हुद्दा, मग ‘विषय’ आणि विषयाच्या खाली पट्टीने ओढलेली रेघ. मजकूर संपला की उजव्या कोपऱ्यात ‘आपला विश्वासू’ आणि सही. शाळेत पत्रलेखनाचे अर्धे मार्क या मांडणीलाच मिळायचे असा माझा अजूनही संशय आहे. ही सवय एकदा हाडात मुरली की जात नाही. तोच माणूस पुढे की-बोर्डसमोर बसतो, पट्टी शोधतो, आणि पट्टी म्हणून त्याला अंडरस्कोर सापडतो. मग ती कळ दाबून धरायची आणि समाधान होईपर्यंत सोडायची नाही.

तर मंडळी, या आठवड्याचं पुराण त्या अंडरस्कोरचं.

आमच्या टीमकडे तक्रार नोंदणीचं एक सॉफ्टवेअर मेंटेनन्सला आहे. लिहिलंय दुसऱ्याच कोणीतरी, सांभाळतोय आम्ही (आयटीतल्या लोकांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही). गिऱ्हाईक म्हणजे एक नगरपालिका, नाव नको. लोक घरून तक्रार टाइप करतात, ती तिथल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत येते, आणि रोज संध्याकाळी दिवसभराच्या तक्रारींचा एक अहवाल साहेबांसाठी छापला जातो. अहवाल म्हणजे साधा तक्ता: क्रमांक, वॉर्ड, तक्रारीचा पूर्ण मजकूर, तारीख, स्थिती, शेरा. जूनमध्ये आमच्याकडे डिफेक्ट आला. अहवालाचे उजवीकडचे तीन रकाने कागदाबाहेर जातात, साहेबांना शेरा दिसत नाही. प्राधान्य: लो. कारण: ‘युजर डेटा चुकीचा’.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एका तक्रारीत विषयाखाली रेघ होती. अंडरस्कोर मोजले, १४० निघाले.

हे का होतं ते सांगतो, कारण ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना ते गमतीचं वाटेल. ब्राउझर ओळ कुठे मोडायची ते बहुतेक वेळा मोकळी जागा बघून ठरवतो. शब्द संपला, जागा आली, पुढचा शब्द मावत नाही, मग खाली घ्या. अंडरस्कोरची माळ त्याच्या लेखी एकच शब्द. १४० अक्षरांचा, अखंड. आणि तक्त्याचा नियम असा की रकाना त्यातल्या सगळ्यात लांब न मोडणाऱ्या तुकड्यापेक्षा अरुंद होऊ शकत नाही. म्हणजे हजार तक्रारी शहाण्यासारख्या लिहिलेल्या असू देत, एकाने रेघ ओढली की सगळ्यांचा रकाना त्या रेघेएवढा. शेजारचे रकाने बिचारे सरकत सरकत भिंतीबाहेर. पूर्वी अख्खी मांडणीच तक्त्यांवर चालायची तेव्हा हे रोजचं होतं. नंतर फ्लेक्सबॉक्स आला, ग्रिड आली, पण मूळ स्वभाव तोच राहिला. फ्लेक्समधली वस्तूसुद्धा, तिला मुद्दाम सांगितल्याशिवाय, आपल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा बारीक व्हायला तयार नसते.

उपाय आहेत, आणि त्यांच्यात एक बारीक फरक आहे ज्यावर लोकांची अख्खी संध्याकाळ जाते. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ला ‘ब्रेक-वर्ड’ दिलं की लांब शब्द मोडतो खरा, पण रकान्याची किमान रुंदी काढताना ती मोड हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे तक्त्यात काहीच फरक पडत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. तिथे ‘एनीव्हेअर’ लागतं, नाहीतर तक्ता ‘फिक्स्ड’ करावा लागतो. तिसरा एक ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ नावाचा प्रकार आहे, तो सरसकट कुठेही तोडतो. त्याने रेघ तुटते आणि तिच्यासोबत ‘अनधि’ या ओळीत आणि ‘कृत’ पुढच्या ओळीत जातं. आजारापेक्षा औषध जालीम.

असो. एका ओळीची दुरुस्ती होती, मी ती करून मोकळा झालो असतो. अडलो ते ‘युजर डेटा चुकीचा’ या शेऱ्यावर. माणसाने तक्रार लिहिली, तिच्याखाली रेघ ओढली. यात चुकीचं काय?

आमच्या व्यवसायात या प्रश्नावर खूप जुनं भांडण आहे. १९८० मध्ये टीसीपीच्या दस्तऐवजात जॉन पॉस्टेल यांनी एक तत्त्व मांडलं होतं. त्याचा आशय असा की स्वतः पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याचं आलेलं स्वीकारताना उदार. ब्राउझर याच वळणावर वाढले. लोकांनी ठळकचा टॅग उघडला आणि बंद केला नाही, चालवून घेतलं. ठळकच्या आत तिरपा उघडला आणि बंद करताना क्रम उलटा केला, तेही चालवून घेतलं. मग २००० च्या जानेवारीत एक्सएचटीएमएल आलं आणि शिस्तीचा जोर झाला. पान एक्सएमएल म्हणून पाठवलं आणि एक टॅग चुकला की फायरफॉक्स मजकूर दाखवणंच बंद करायचा. पिवळ्या पानावर लाल अक्षरांत चूक सांगायचा. शिक्षा लिहिणाऱ्याला नाही, वाचणाऱ्याला! २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी वेगळी चूल मांडली, २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने एक्सएचटीएमएल २ चं काम थांबवायचं जाहीर केलं, आणि २०१४ मध्ये एचटीएमएल ५ शिफारस म्हणून पक्कं झालं. त्याचा मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे चुका कशा वाचायच्या हे त्यात पायरी पायरीने लिहून ठेवलं आहे. उलटसुलट बंद केलेल्या टॅगांचं काय करायचं या रीतीला तर चक्क ‘ॲडॉप्शन एजन्सी अल्गोरिदम’ असं नाव आहे. पोरकी झालेली लेकरं कोणाच्या पदरात घालायची, त्याचे नियम. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी माणसं कशी लिहितात ते मान्य केलं होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकांनी मात्र उदारपणाची वेगळीच व्याख्या केली होती. लोकांनी टाकलेला मजकूर ते जसाच्या तसा एचटीएमएल म्हणून पानात ओतायचे. म्हणजे कोणी टॅग टाकला तर तो चालायचा. (हे मांडणीपुरतं राहत नाही. २००५ मध्ये सॅमी कामकारने मायस्पेसवर अशाच फटीतून कोड घुसवला होता आणि दिवसभराच्या आत दहा लाखांवर प्रोफाइलांना तो लागला.) त्या रेघेच्या निमित्ताने मी जुने रेकॉर्ड चाळायला घेतले आणि दोन शनिवार त्यातच गेले.

वर्डमधून चिकटवलेल्या तक्रारी ओळखायला सोप्या. दोन ओळींचा मजकूर आणि त्याच्याभोवती ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या शंभर सूचना, मार्जिन, फॉन्ट, परिच्छेदाचं अंतर. एका काकांची रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार दीडशे अक्षरांची होती आणि तिचं गाठोडं चार हजारांचं. त्यात कुठेतरी एक जास्तीचा बंद करणारा टॅग आला की गोंधळ. तक्त्यात असेल तर एका घरापुरतं निभावतं, तक्त्याचं घर जुन्या वाड्यासारखं असतं, भिंती जाड. पण मोबाइलसाठी केलेल्या यादीत नुसते डिव्ह होते. तिथे एकाने ठळक उघडून ठेवलं की खालच्या सगळ्यांच्या तक्रारी ठळक. सगळ्यांचंच तातडीचं!

पण खरी मेजवानी निघाली ती जुन्या फॉन्टांची. युनिकोड नव्हतं तेव्हा आपल्याकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले फॉन्ट चालायचे, आणि काही कचेऱ्यांत व टायपिंगवाल्यांकडे अजूनही चालतात. फॉन्ट काढून घेतला की खाली उरते नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. लोक टायपिंगवाल्याकडून अर्ज करून आणतात आणि तोच इथे चिकटवतात. त्यांच्या स्क्रीनवर मराठी, आमच्याकडे खिचडी. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण कृतिदेव फॉन्टमध्ये ‘ढ’ बसवलाय ‘<’ या चिन्हावर, आणि ‘झ’ बसवलाय ‘>’ या चिन्हावर. एचटीएमएलमध्ये टॅग सुरू होतो ‘<’ ने आणि संपतो ‘>’ ने.

आता बघा. एका बाईंनी लिहिलं होतं की रस्त्याच्या पुढे पाणी साचते त्यामुळे माझे घर ओले होते. ‘पुढे’तला ढ आला, ब्राउझरला वाटलं टॅग उघडला. ‘माझे’तला झ येईपर्यंतचं सगळं त्याने टॅगच्या पोटात घातलं. पाणी साचतं ही मूळ तक्रारच गडप. वर कहर म्हणजे कृतिदेवमध्ये ढ नंतरची मात्रा बसते रोमन ‘एस’ या अक्षरावर, आणि ‘एस’ हा एचटीएमएलमधला खराखुरा टॅग आहे. मजकुरावर काट मारणारा. प्रमाणकात त्याचा अर्थ दिलाय की हा मजकूर आता लागू नाही. म्हणजे बाईंची अर्धी तक्रार गिळली गेली आणि उरलेल्या अर्धीवर सॉफ्टवेअरने स्वतःच्या हाताने काट मारली. च्यायला, एखाद्या खत्रूड हेडक्लार्कलाही हे सुचलं नसतं.

मी हे टीममध्ये दाखवलं तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. मग लक्षात आलं की त्या बाईंचं घर खरंच ओलं असणार.

आता ज्याच्या रेघेने हे सगळं सुरू केलं त्या तक्रारीकडे येतो. ती त्या गृहस्थांची चौथी तक्रार होती. वॉर्ड तोच, नाला तोच. पहिली एप्रिलमधली, साध्या दोन ओळी, नाला तुंबलाय, पावसाळ्याआधी साफ करावा. ती निकाली. दुसरी मेच्या मध्यावरची, तीही निकाली. तिसरी मेअखेरची, तीही निकाली, टाकल्यापासून एका दिवसात. चौथीत त्यांनी वर श्री घातला, ‘प्रति’ घातलं, विषय घातला, १४० अंडरस्कोरची रेघ ओढली, मजकुरात आधीच्या तिन्ही नोंदींचे क्रमांक दिले, आणि पुन्हा रेघ ओढली. माणूस चिडल्यावर जोरात बोलतो, हे चिडून नीटनेटके झाले होते.

तिसरी निकाली कशी निघाली? तिचा मजकूर असा होता:

‘आमच्या गल्लीतील नाल्याची सफाई १२ तारखेला झाली असे आपल्या कर्मचाऱ्याने नोंदवले आहे, प्रत्यक्षात कोणीही आलेले नाही.’

आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत ती दिसत होती अशी:

‘आमच्या गल्लीतील नाल्याची सफाई १२ तारखेला झाली…’

यादीत मजकुराला एकच ओळ दिली होती. मावेल तेवढा दाखवायचा, पुढे तीन टिंबं. ओळीच्या सुरुवातीला टिक करायचा चौकोन, आणि वर एक बटण, टिक केलेल्या सगळ्या एकदम निकाली काढायचं. ज्यांनी कोणी टिक केली त्यांना वाटलं, सफाई झाली म्हणून कळवतायत, छान.

मी तिथल्या एका मॅडमना फोन केला. बारा-पंधरा वर्षं त्याच टेबलावर आहेत, आवाजातच ते कळतं.

“मॅडम, यादीतली तक्रार उघडून वाचता की तिथूनच निकाली काढता?”

“सर, दिवसाला शंभराच्या वर येतात. फोन वेगळे, काउंटरला माणसं वेगळी. प्रत्येक उघडायला अर्धा मिनिट घेतं तुमचं सॉफ्टवेअर. तुम्हीच सांगा.”

सांगण्यासारखं काही नव्हतं. ते खरंच अर्धा मिनिट घेतं.

आणि मग मीटिंग. आमच्या डिझायनर मॅडम बेंगळुरूला बसतात, हुशार आहेत, पण मराठी वाचता येत नाही. त्यांचा आणि आमच्या लीडचा प्रस्ताव सरळ होता: यादीत एका ओळीत कापतो तसं अहवालातही कापू. रेघ कितीही लांब येवो, तीन टिंबांच्या पलीकडे जाणार नाही. तक्ता कायमचा सरळ. त्यासोबत तक्रार लिहायच्या चौकटीवर एक सूचना, ‘कृपया विशेष चिन्हे वापरू नयेत’, आणि अंडरस्कोरवर बंदी. दीड तासाचं काम, याच रिलीजमध्ये जाईल.

माझा मुद्दा मी इंग्रजीतच मांडला, आणि गंमत म्हणजे तो इंग्रजीत मांडताना जास्त स्पष्ट झाला. ‘द ड्रेन हॅज नॉट बीन क्लीन्ड.’ नकार चौथ्या शब्दाला. कुठेही कापा, नाला साफ झालेला नाही हे कळतं. आपल्याकडे कर्ता आधी, कर्म मग, क्रियापद शेवटी आणि ‘नाही’ त्याच्याही शेवटी. ‘आमच्या इमारतीला गेले आठ दिवस पाणी वेळेवर येत’, इथे कापलं तर तक्रार आहे की आभारप्रदर्शन, ते कळायला मार्ग नाही. शेपटाकडून कापणारं टिंब इंग्रजीत तपशील गाळतं, मराठीत निकाल गाळतं. हे आपल्याला बोलताना कधी जाणवत नाही, कारण समोरचा माणूस वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो.

शिवाय अर्जाची रीत आडवी येते ती वेगळीच. एका ओळीत मावतं काय? ‘प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब यांचे सेवेशी सविनय सादर…’ मी यादीच्या एका पानावर मोजलं तेव्हा अकरा ओळी शब्दशः एकसारख्या होत्या. अकरा माणसांचे अकरा वेगवेगळे त्रास, आणि दिसतंय काय, तर साहेबांचा मान.

लीडने विचारलं, मग सुरुवात आणि शेवट दाखवून मधलं गाळलं तर? प्रश्न चांगला होता. मॅकवर फाइलींची लांब नावं तशीच मधून कापलेली दिसतात. मी दोनशे तक्रारींवर करून बघितलं. शेवट काय आला असेल? ‘तरी त्वरित कार्यवाही करावी ही नम्र विनंती. आपला विश्वासू.’ आपल्या अर्जाला दोन्हीकडून पुठ्ठ्याचं वेष्टन असतं, माल मध्ये.

डिझायनर मॅडमनी मग एक वाजवी गोष्ट विचारली, की अक्षरसंख्येची मर्यादा घालून लोकांनाच थोडक्यात लिहायला सांगायचं का नाही. त्यांना मी ‘नमस्कार’ मोजून दाखवला. वाचणाऱ्याला चार अक्षरं. युनिकोडला सात, कारण स, हलन्त, क, काना सगळे सुटे. यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट, दर चिन्हाला तीन. ऑरॅकलमध्ये २५५ ची मर्यादा मुळात बाइटांची धरली जाते, म्हणजे मराठीत चिन्हं पंच्याऐंशी, आणि डोळ्याला दिसणारी अक्षरं त्याहून बरीच कमी. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तीन वाक्यं, मराठीत लिहिणाऱ्याला जेमतेम एक. एसएमएसमध्ये हेच होतं, रोमन असेल तर १६० अक्षरं, देवनागरी असेल तर ७०. आणि कापणाऱ्याला जोडाक्षर कळत नसेल तर ‘क्ष’चा ‘क्’ होऊन ओळ पाय मोडल्यासारखी लोंबकळते. क्ष हे जोडाक्षर एकसंध धरावं हा नियम युनिकोडच्या अक्षरगट तोडायच्या प्रमाणकात आला तो २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत. तोवर तो तोडणं नियमात बसत होतं!

(उभ्या दिशेची कथा निराळी. ओळीची उंची इंग्रजी अक्षर बघून ठरवायची आणि बाहेरचं लपवायचं, म्हणजे वरचे अनुस्वार आणि खालचे उकार गेले. वॉर्डांच्या यादीत कुंभारवाड्याचा ‘कभारवाडा’ झालेला मी स्वतः पाहिलाय. पूल कोसळायला आला तर ‘पल’ कोसळतोय असं वाचायचं.)

मीटिंगमध्ये आवाज चढले नाहीत, कोणी खलनायक नव्हतं. लीडचं म्हणणं असं की आपल्याला पैसे तक्ता सरळ करायचे मिळतात, नगरपालिका चालवायचे नाहीत. हे खोटं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की चौथी तक्रार कोणाच्या तरी नजरेला पडली ती तिने अहवाल मोडला म्हणून. पहिल्या तीन सुबक होत्या, चौकटीत मावल्या आणि गेल्या. आपण जी दुरुस्ती करतोय तिने चौथीही मावली असती. यावर कोणी काही बोललं नाही. मग लीड म्हणाला, “ठीक आहे, किती दिवस?” आमच्याकडे पटल्याची खूण हीच.

चार दिवस लागले. अहवालात मजकूर पूर्ण, रेघ मोडून पुढच्या ओळीत. ओतलेला एचटीएमएल बंद, जे टाइप केलं ते अक्षरशः तसंच दिसणार, ‘<’ म्हणजे ‘<’. मोकळ्या जागा आणि नव्या ओळी जपलेल्या, त्यामुळे ज्यांनी स्पेस मारमारून सही उजवीकडे नेली त्यांची सही उजवीकडेच राहते (ब्राउझर एरवी दहा स्पेस एका स्पेसमध्ये घालतो, लोकांची किती मेहनत वाया गेली असेल!). यादीत एकाऐवजी तीन ओळी, आणि ‘प्रति’पासून ‘विषय’पर्यंतचं वेष्टन यादीपुरतं सोडून. जुन्या फॉन्टची खिचडी चिकटवली तर तिथल्या तिथे विचारणा, की हे युनिकोडमध्ये करून देऊ का. हे शेवटचं अजून नीट चालत नाही, कृतिदेव ओळखतो, बाकीचे फॉन्ट मध्येच चुकतात.

सगळ्यात मोठी चकमक झाली ती टिकच्या चौकोनावरून. तक्रार एकदा तरी उघडल्याशिवाय ती निकाली काढता येऊ नये, असा बदल मी सुचवला आणि साहेबांनी तो लगेच मान्य केला. उघडायला लागणारा अर्धा मिनिट आम्ही चार सेकंदांवर आणला. तरीसुद्धा चार सेकंद गुणिले शंभर, अधिक वाचायचा वेळ. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमचा फोन.

“सर, तुमचं चांगलं दिसतंय आता. पण आमचं काम वाढवलंत तुम्ही. साडेसहा वाजतायत निघायला.”

त्यांच्या जागी माणूस वाढवून मिळणार नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मजकूर दिसायला लागला की तो वाचावा लागतो, आणि वाचणारा एकच आहे. नाल्याच्या त्या नोंदीची स्थिती मी परवा बघितली, ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असं आहे. पाहणीत काय दिसलं ते शेऱ्यात लिहिलेलं नाही. शेऱ्याचा रकाना मात्र आता कागदावर येतो.

येत्या बुधवारी मी तिथे जाऊन मॅडमच्या शेजारी दिवसभर बसणार आहे. एका तक्रारीवर त्यांची नजर कुठून कुठे जाते आणि कुठे अडकते ते बघायचंय. लीडने गाडीभाडं मंजूर केलंय, जेवण माझं मी.